पाण्याची कंटिन्युइटी

एडिटिंगला बसल्यावर पहिला शॉट लागतो. खाडीच्या धक्क्यावर आजोबा आणि नात बसलेत. मागे पाण्यावर एक होडी संथ डुलतेय. आजोबा म्हणतात, "तुझा बाप याच होडीवरून उड्या मारत पोहायला शिकला." कट. आता नातीचा क्लोजअप. ती मान वळवते, आणि तिच्या खांद्यामागे तीच होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली दिसते. कथेत मधे अर्धा सेकंद गेलाय. तेवढ्यात खाडी रिकामी झाली.

नातीची वेणी दोन्ही शॉटांत डाव्या खांद्यावर आहे. आजोबांच्या सदऱ्याचं वरचं बटण दोन्हीकडे उघडं आहे. चहाचा ग्लाससुद्धा तेवढाच भरलेला. कंटिन्युइटीच्या वहीत सगळं टिपलं होतं, पाणी तेवढं टिपायचं राहिलं.

ही फिल्म कल्पनेतली आहे, पण घोडबंदरच्या खाडीकाठी कॅमेरा लावणाऱ्या कुणाही विद्यार्थ्याच्या वाट्याला हा कट येऊ शकतो. दोघांना एकत्र दाखवणारा पहिला मास्टर शॉट एका रविवारी सकाळी अकराला घेतला आणि क्लोजअप पुढच्या रविवारी, पुन्हा अकराला. विद्यार्थ्यांची फिल्म रविवारीच होते. आठवडाभर कॉलेज असतं आणि आजोबांचं काम करणाऱ्या काकांची नोकरी असते. प्रकाश जुळावा म्हणून वेळही तीच ठेवली. पण भरतीची वेळ चंद्राच्या मागोमाग रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास पुढे जाते. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळही सहा तासांहून थोडाच जास्त असतो. या रविवारी अकराला खाडी तुडुंब असेल, तर पुढच्या रविवारी अकराला ती हमखास रिती मिळणार. एक रविवार गाळून पंधरवड्याने आले असते, तर पाणी साधारण पहिल्याच जागी भेटलं असतं.

लोकेशनवरच्या अडचणी विचारल्या की विद्यार्थी आधी पैशाचं रडगाणं लावतात, आणि ते खोटंही नाही. पण पैशाने सेटवर नेमकं काय मिळतं, हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक जागेची आपली घड्याळं असतात: पाण्याचं, सूर्याचं, ट्रकांचं, कचेऱ्यांचं, माणसांचं. स्टुडिओ बांधणारा निर्माता पैसे मोजून ही घड्याळं बंद करतो. विद्यार्थ्याला ती बंद करता येत नाहीत, म्हणून ती वाचायला शिकावं लागतं.

एका गावात सगळी लोकेशनं

उल्हास नदी ठाण्याजवळ फुटते आणि तिचा एक फाटा पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. या खाडीच्या दक्षिण काठावर घोडबंदर आहे, मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत. इथे घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. टेकाडावरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

विद्यार्थ्यांना ही जागा भुरळ घालते ती इतिहासासाठी नव्हे. काही किलोमीटरच्या आत जुनी तटबंदी, खाडी, होड्या, कांदळवन, वरसाव्याचे पूल, महामार्ग आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल असं सगळं मिळतं. बोरिवली, मिरा रोड किंवा ठाण्याहून बसने येता येतं. काशीमिरा ते घोडबंदर या पट्ट्यात मालिकांचे सेट असल्याने दिवे भाड्याने देणारे, मेकअपवाले, स्पॉटदादा हेही आसपास सापडतात. कागदावर लोकेशन अगदी आदर्श दिसतं. पण फोटोतून फक्त दृश्य कळतं. ते किती वाजताचं आहे आणि तिथे ऐकू काय येतं, हे फोटो सांगत नाही. म्हणून रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, एकदा करून भागत नाही. ज्या वारी आणि ज्या वेळी शूट आहे, त्याच वारी त्याच वेळी एकदा तिथे जाऊन तासभर नुसतं बसावं लागतं.

वांगणीचे दरोडेखोर

लोकेशनवरची पहिली फजिती भारतीय सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी आहे, आणि तीही याच ठाणे जिल्ह्यातली. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करत होते. दादरला सेट होता, पण बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला गेली. ढाली, तलवारी, भाले घेतलेली, विचित्र पोशाखातली माणसं गावात उतरली. गावकऱ्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता, दरोडेखोर मात्र ठाऊक होते. वर्दी गेली आणि मंडळींना पोलिसांनी अडकवून ठेवलं. फाळके आले, त्यांनी समजावून सांगितलं, कॅमेरा दाखवला, शूटिंग म्हणजे काय ते करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या त्या चित्रपटामागे ही रखडपट्टीही आहे.

गावकरी चुकले म्हणून हसण्यात अर्थ नाही. अनोळखी माणसं हत्यारं घेऊन आली तर पोलिसांना कळवणं हे शहाण्या गावाचं काम आहे. आज खेळण्यातलं पिस्तूल घेऊन किल्ल्यावर पाठलागाचा प्रसंग करणाऱ्या मुलांना कुणी लांबून पाहिलं, तर तोही पोलिसांनाच फोन करील. तेव्हा परवानगीच्या कागदाचं पहिलं काम साधं असतं: आपण कोण आणि इथे काय करतोय, हे जागेला आधी सांगणं.

हद्द कुणाची?

सांगायचं कुणाला, हा मात्र किचकट प्रश्न. घोडबंदर रस्त्यावर ठाण्याकडून येताना गायमुखपर्यंत ठाणे महापालिका, पुढे मिरा-भाईंदर. पोलिसांचीही तीच वाटणी: अलीकडे ठाणे आयुक्तालय, पलीकडे २०२० मध्ये सुरू झालेलं मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. वरसाव्याचा पूल ओलांडला की वसई तालुका, म्हणजे २०१४ मध्ये वेगळा झालेला पालघर जिल्हा. पुलाचा एक लांब शॉट घेतला की एका चौकटीत दोन जिल्हे येतात. डोंगराकडे वळलात तर वनखातं. खाडीकाठच्या चिखलात उतरलात तर कांदळवन. किल्ल्यासारख्या वास्तूसाठी पुरातत्त्व खातं आणि महापालिका. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी इतकी दारं.

गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने चित्रीकरणासाठी एक खिडकी पद्धत आणली आहे. सरकारी जागांसाठी आधी तिथे पाहावं. कॉलेजचं लेटरहेड, प्राचार्यांची सही, युनिटमधल्या माणसांची संख्या, सामानाची यादी आणि एका पानात कथा, एवढी फाइल तयार असली की बरीच दारं किलकिली होतात. अर्जात 'शूटिंग करायचं आहे' एवढंच लिहिलं, तर समोरच्या साहेबांच्या डोळ्यांपुढे व्हॅनिटी व्हॅन आणि पन्नास जणांचं युनिट उभं राहतं. 'सात जण, एक कॅमेरा, जनरेटर नाही, रस्ता अडवणार नाही' असं लिहिलं की चित्र बदलतं.

ड्रोनचं वेगळं. २०२१ च्या नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला सवलती असल्या, तरी पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तेव्हा सवलत कामाला येत नाही. शिवाय किल्ल्याच्या टेकाडावर उभं राहिलं की खाडीचा विस्तीर्ण शॉट पायावरच मिळतो. त्यासाठी उडायची गरजच नाही.

'परवानगी मागत बसलो तर फिल्मच होणार नाही, गुपचूप उरकू,' असं म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक युनिटमध्ये असतो. त्याला २० फेब्रुवारी २०१४ ची गोष्ट सांगावी. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचं युनिट रेल्वेच्या पुलावर शूट करत होतं. रुळांवर चित्रीकरण करायला रेल्वे कंपनीची परवानगी नव्हती. गाडी आली, पळायला जागा नव्हती आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट जागीच गेली. दिग्दर्शकाला तुरुंगवास झाला, चित्रपट कधीच पुरा झाला नाही. रेल्वेने परवानगी दिली असती, तर गाड्यांच्या वेळाही दिल्या असत्या. घोडबंदरला पूल आहेत, वळणावळणाचा गायमुख घाट आहे. चालत्या रस्त्यावर नटाला उभं करण्याआधी ही तारीख आठवावी.

ट्रक आणि कान

न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारी मालवाहतूक घोडबंदर रस्त्याने जाते. त्यात घाटातली दुरुस्ती आणि मेट्रोची कामं. अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक तासांत बंदी असते. ती उठली की ट्रकांची रांग सुरू होते. हे तास अधिसूचनांनी बदलत राहतात, म्हणून शूटच्या आठवड्यात ते पुन्हा पाहावे लागतात. 'रात्री शांत असेल' हा अंदाज इथे हमखास चुकतो. शहर निजलं की या रस्त्याला जाग येते.

चित्रात ट्रक टाळता येतो, कॅमेरा थोडा वळवला की झालं. आवाजाला चौकट नसते. उपाय समजायला थोडं गणित लागतं. उघड्या जागेत बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट केलं, की त्याचा आवाज ६ डेसिबलने पडतो. कॅमेऱ्यावरचा माइक नटापासून चार मीटरवर असेल आणि बूमच्या लांब दांडीवरचा अर्ध्या मीटरवर, तर मधे तीन दुपटी झाल्या: अर्ध्याचा एक, एकाचे दोन, दोनाचे चार. म्हणजे १८ डेसिबलचा फरक. दूरच्या रस्त्याचा गोंगाट मात्र दोन्ही माइकना जवळपास सारखाच पोचतो. याचा अर्थ, माइक जवळ नेला तर ट्रकांच्या तुलनेत संवाद १८ डेसिबलने वर येतो. हजारो रुपयांची लेन्स भाड्याने आणण्यापेक्षा बांबूला बांधलेला साधा माइक आणि तो धरणारा न कंटाळणारा मित्र जास्त कामाचा, तो यासाठी.

दुसरं, रस्ता आणि नट यांच्यामध्ये काहीतरी घ्यावं. तटाची जाड भिंत हा फुकटचा पडदा आहे. तिच्या आडोशाला संवाद ठेवावेत आणि उघड्यावर मुके प्रसंग घ्यावेत. तिसरं, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहून नुसता जागेचा आवाज टिपावा. संवादांचे तुकडे जोडताना मधल्या फटी याच आवाजाने भरतात; नाहीतर प्रत्येक कटला पार्श्वभूमी हिसका देते. चौथं, शॉट झाल्याझाल्या, भावना ताजी असताना, नटांना बाजूला नेऊन तेच संवाद पुन्हा म्हणून घ्यावेत.

आवाज प्रकाशापेक्षा फार सावकाश चालतो, सेकंदाला साधारण ३४३ मीटर. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबात एका चौकटीच्या वेळात तो १४ मीटर जातो. खाडीत ३० मीटरवर वल्हं मारणाऱ्याचा आवाज काठावरच्या माइकला दोन चौकटी उशिरा मिळतो. क्लॅप माइकजवळ मारायचा, तो या कारणाने.

आपल्याकडे अनेक दशकं हा प्रश्न डबिंगने सोडवला गेला. तेव्हाचे ॲरीसारखे कॅमेरे स्वतःच इतके खडखडत, की जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता घेतला जाई. २००१ च्या 'लगान'नंतर जागेवरच्या आवाजाला पुन्हा प्रतिष्ठा आली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ मध्ये ऑस्कर मिळालं, तेही मुंबईच्या गजबजाटात चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी. गोंगाटाच्या शहरात चांगला आवाज मिळू शकतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याआधी कानाने रेकी करावी लागते.

उत्तरेला खाडी

घोडबंदरला खाडी गावाच्या उत्तरेला आहे. पाणी दिसायचं असेल तर कॅमेरा उत्तरेकडे बघणार आणि नटाची पाठ खाडीकडे, तोंड दक्षिणेला असणार. कॉलेजच्या फिल्मा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे दिवसभर नटाच्या डोळ्यांत ऊन. आजोबा डोळे मिचकावत संवाद म्हणतात आणि प्रेक्षकांना वाटतं, म्हातारा काहीतरी लपवतोय.

उन्हाळ्यात वेगळी तऱ्हा. मेच्या मध्याला इथे सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. दुपारी बाराला भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि चेहऱ्याच्या जागी दोन खोबण्या उरतात.

यातून वाट काढायची तर सकाळी पात्रांना पश्चिमेकडे तोंड करून बसवावं. ऊन पाठीमागून येतं, केसांना उजळ कड मिळते, मागे खाडीचा गायमुखाकडचा भाग राहतो, आणि चेहऱ्यावर समोरून पांढऱ्या थर्माकोलने उजेड परतवता येतो. थर्माकोल धरून हात भरून आले, तर सरस्वतीबाई फाळक्यांना आठवावं. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी त्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, घरी पन्नासाहून जास्त माणसांचा स्वयंपाक करत, आणि फिल्मच्या रसायनांचं कामही त्यांच्याचकडे होतं. दिव्यांशिवाय, विजेशिवाय, नुसत्या सूर्यावर आपला सिनेमा सुरू झाला, त्यात चादर हे महत्त्वाचं उपकरण होतं.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. आठ शॉटांच्या प्रसंगाला चार तास लागले, तर सूर्य ६० अंश पुढे गेलेला असतो, आणि सावल्या फिरलेल्या. कथेत दोन मिनिटं गेली आणि सकाळची सावली दुपारची झाली. म्हणून शॉट कथेच्या क्रमाने घेत नाहीत. एका दिशेचे सगळे शॉट आधी, मग कॅमेरा फिरवायचा. मास्टर शॉट उन्हात, आणि क्लोजअप डोक्यावर मोठं कापड धरून सावलीत. सावलीतल्या चेहऱ्यावरून किती वाजले ते कळत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सव्वासातच्या आसपास आणि सूर्यास्त सव्वासहाच्या. अकरा तासांचा दिवस. त्यातून नाश्ता, मेकअप, जेवण आणि 'बॅटरी कुठेय?' एवढं वजा केलं, की हातात सहा-सात तास उरतात.

तिथीची पाऊणपट

आता परत पाण्याकडे. भरती-ओहोटीची कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो, मोबाइलवरही वेळा मिळतात. पण कोळी आणि खलाशी पूर्वीपासून वापरत आलेला एक ठोकताळा कॅलेंडरवरच्या तिथीतून निघतो. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. समुद्रापासून खाडीत आत जाताना त्यात आणखी थोडा उशीर धरायचा.

दिग्दर्शकासाठी हे सोनं आहे. भर दुपारी काठोकाठ पाणी हवं, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा रविवार धरा. दुपारी होडी चिखलात टेकलेली हवी, तर अष्टमीच्या आसपासचा. आणि प्रमाणही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्यामुळे तासाभरात पार्श्वभूमी बदलते. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला चढउतार कमी असतो. लांबलचक संवादाच्या प्रसंगाला भांगाचे दिवस सोयीचे, कारण पाणी तेवढी घाई करत नाही.

पाणी उतरल्यावर दिसणारा चिखल फसवा असतो. वरून टणक दिसतो आणि गुडघाभर गिळतो. त्यातून वर आलेली टोकं ही कांदळाची श्वास घेणारी मुळं आहेत. फ्रेममध्ये येणारी फांदी छाटणं हा किरकोळ मामला नाही. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने कडक बंदी घातलेली आहे, २०१८ च्या निकालात ती पुन्हा ठाम केली आहे. फांदी आड येत असेल, तर आपला कॅमेरा हलवावा.

मधल्या आठवड्याने घात केलेले विद्यार्थी एकटे नाहीत. १९५२ मध्ये सत्यजित राय 'पथेर पांचाली'तला काशफुलांचा प्रसंग अर्धा घेऊन घरी गेले. आठवड्याने परत आले, तर माळ बोडका. फुलं गुरांनी खाल्ली होती. त्यांनी पुढच्या वर्षीचा फुलोरा येईपर्यंत थांबून प्रसंग पुरा केला. फुलांना वर्ष लागतं, खाडीला पंधरा दिवस पुरतात. घोडबंदरचे विद्यार्थी त्या मानाने नशीबवान.

अंधार पडल्यावर

राष्ट्रीय उद्यान सुमारे १०० चौरस किलोमीटरचं आहे, आणि बिबट्यांची एवढी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. जंगलाच्या कडेला रात्री शूट करायचं, तर आधी वनखात्याची परवानगी हवी. नंतरचं शहाणपण जेवणाच्या उरलेल्या पाकिटांशी निगडित आहे. खरकटं टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. कचऱ्याची पिशवी युनिटबरोबर परत जाते, लघवीलाही कुणी एकटं जात नाही, लहान मुलं मोठ्यांच्या मधे राहतात, एवढे नियम पुरेत.

रस्त्याच्या दिव्याखाली शूट करताना चित्र लुकलुकतं, त्याचं कारण आपली ५० हर्ट्‌झची वीज. काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० ठेवलं, की प्रत्येक चौकटीत दोन पूर्ण फेऱ्या येतात आणि लुकलुक थांबते.

रात्रीची धास्ती घेणाऱ्यांनी २०२४ ची एक विद्यार्थी-फिल्म लक्षात ठेवावी. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात चिदानंद नाईक यांनी 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' ही कन्नड फिल्म केली. म्हातारी गावाचा कोंबडा पळवते आणि सूर्य उगवायचाच थांबतो, ही लोककथा. कथाच अंधाराची, त्यामुळे शूटही अंधारातलं. हाताशी चार दिवस. कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात तिला पहिलं पारितोषिक मिळालं. जी अडचण टाळता येत नाही, तीच कथेत घेतली की ती अडचण राहत नाही.

'कुठल्या सिरियलचं?'

कॅमेरा स्टँडवर चढला की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: "कुठल्या सिरियलचं शूटिंग?" या पट्ट्यात तो रास्त आहे. 'कॉलेजची फिल्म' म्हटल्यावर अर्धी गर्दी पांगते. उरलेल्या अर्ध्या गर्दीशी कसं वागता, त्यावर दिवस ठरतो. 'बाजूला व्हा' असं ओरडणारा असिस्टंट मुलांना आणखी चेव आणतो. त्यातल्या दोघांना क्लॅप धरायला आणि 'सायलेन्स' म्हणायला ठेवलं, की तेच बाकीच्यांना गप्प करतात.

होडीचं तर वेगळंच गणित. भरपूर पाणी असलेली वेळ तुम्हाला शूटला हवी असते, आणि होडीवाल्या काकांना तीच वेळ कामाला हवी असते. तुमच्या मास्टर शॉटसाठी होडी थांबली, तर त्यांचा दिवस बुडतो. त्याचे पैसे आधी ठरवून, शूट सुरू व्हायच्या आधी हातात द्यावेत. आणि बसून एक प्रश्न विचारावा, "काका, येत्या रविवारी पाणी किती वाजता भरेल?" ते बोटांवर तिथी मोजून सांगतील. त्या एका उत्तराने एक अख्खा रविवार वाचतो.

जागेची माणसं पडद्यावरही उतरू शकतात. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' ही लघुफिल्म अहमदनगरला संज्ञापन अभ्यासाचा अभ्यासक्रम करताना, विद्यार्थी म्हणून केली. तिला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार हा मुलगा कुठल्या अभिनयशाळेतून आला नव्हता. पुढे 'फँड्री'तला पिऱ्या आणि 'सैराट'मधला प्रिन्स तोच. शहरातून नट आणून त्याला गावचं चालणं शिकवण्यापेक्षा हा रस्ता जवळचा, आणि खराही.

कॉलशीट

कॉलशीटवर तारीख, वेळ, प्रसंग, नट आणि कपडे असतात. घोडबंदरच्या कॉलशीटवर आणखी एक ओळ हवी: तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा, सूर्योदय-सूर्यास्त, अवजड वाहनांच्या बंदीचे तास. त्याखाली ज्या पोलीस चौकीच्या हद्दीत आहोत तिचा नंबर. ही घड्याळं एका कागदावर आली की कुठला प्रसंग कधी घ्यायचा, हे जवळजवळ आपोआप ठरतं. परतल्यावर फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून झाल्याखेरीज कार्ड पुसायचं नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दर्जाने तासाला ४५ जीबी भरतात, आणि कार्ड रिकामं करण्याचा मोह पॅकअपच्या थकव्यात सगळ्यात जास्त होतो.

आणि त्या पहिल्या कटचं काय? काकांना पुन्हा सुट्टी नाही, कॅमेरा परत गेलाय, जमा करायची तारीख चार दिवसांवर. एका शॉटमध्ये होडी तरंगतेय, दुसऱ्यात चिखलात आहे. एक मार्ग उरतो. कुणीतरी दुपारी एकट्याने, मोबाइल घेऊन काठावर जायचं आणि ओहोटीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवरून उतरताना एक शॉट घ्यायचा. माणसं नाहीत, संवाद नाही, नुसती एकेक ओली पायरी उघडी पडतेय. तो दोन शॉटांच्या मधे लावायचा. नातीचा क्लोजअप कापडाच्या सावलीत घेतला असेल, तर सूर्य चुगली करणार नाही.

आजोबा म्हणतात, "तुझा बाप याच होडीवरून उड्या मारत पोहायला शिकला." पाणी उतरतं. नात मान वळवते, मागे होडी चिखलात. अर्ध्या सेकंदाची चूक आता सहा तासांची झाली. आजोबा अख्खी ओहोटी बोलत होते आणि पोरगी जागची हलली नव्हती.